भोजकटाचा कोंडराज

चांदूर बाजारहून अचलपूरकडे निघाले की संत्र्याचे बगीचे लागतात आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसू लागते. अचलपूरच्या नैर्ऋत्येस चमक नावाचे खेडे आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे शेत नांगरताना तांब्याचे कोरीव पत्रे हाती लागले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ते दानपत्र. काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकातला, तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. म्हणजे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात, ते दिवस.

भोजकट राज्यातील, मधुनदीच्या काठचे चर्मांक गाव, ८००० भूमी मापाचे, १००० ब्राह्मणांना दिले, असे त्यात म्हटले आहे. चर्मांक म्हणजेच आजचे चमक. भोजकटाचे नाव अमरावतीजवळच्या भातकुलीशी जोडतात. कृष्णाकडून हरलेला रुक्मी कौंडिण्यपूरला परतला नाही, त्याने भोजकट वसवले, ही कथा आपल्या आजीने सांगितलेलीच असते.

पण हे दान राजाने आपणहून दिलेले नाही. शत्रुघ्नराजाचा मुलगा कोंडराज याच्या विनंतीवरून ते दिले. कोंडराजाबद्दल ताम्रपट सांगतो ते एवढेच! बाप ‘राज’, मुलगाही ‘राज’. तेव्हा हे इथलेच जुने घराणे, वाकाटकांचे मांडलिक असावे, असे मला वाटते. पण आपल्या मुलखातले एक गाव द्यायचे तरी अर्ज वर करावा लागे. वरच्यांचेही वर होतेच म्हणा. प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही पाटलीपुत्राच्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, आणि मुले लहान असताना कारभार तिनेच पाहिला.

मांडलिकांचे सगळीकडे असेच. चीनमध्ये झंग नावाचे छोटे राज्य होते. जुन्या ग्रंथांत त्याला फारशी जागा नाही. १९७८ साली तिथल्या यी नावाच्या राजाची कबर उकरली, तेव्हा कांस्याच्या घंटांचा ६५ नगांचा संच निघाला. त्यातली एक घंटा बलाढ्य शेजारी छू राज्याच्या राजाने पाठवलेली. झंगच्या वैभवात थोरल्याची खूण ती अशी.

चमकच्या पटात थोरल्याची खूण अटींमध्ये आहे. दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, लढाई करू नये, इतर गावांना त्रास देऊ नये; वागले तर गाव परत घेण्यात राजाला चोरीचे पाप नाही. ब्राह्मणांना दान देतानाही एवढी सावधगिरी! सवलतींची यादी त्याहून बोलकी आहे. या गावात सैनिकांनी शिरायचे नाही, गाईबैल, दूध, फुले, चारा, कोळसा मागायचा नाही, वेठ घ्यायची नाही. शेजारच्या गावांना हे सारे द्यावे लागत होते, हे यावरून उघडच आहे.

वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख १९६३ साली एकत्र छापले, त्यात हा पट आहे. हजारांपैकी ४९ ब्राह्मणांची नावे त्यात कोरली आहेत. ती ८००० भूमी आधीपासून कोण कसत होते, त्यांचे एकही नाव नाही.