उष्माघात आणि गावातील पहिला अर्धा तास

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर या भागांत मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४५ अंशांस पोहोचले म्हणजे भारतीय हवामान खाते त्यास उष्णतेची लाट म्हणते. ४७ अंशांस ती तीव्र लाट ठरते.

मनुष्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. हवा त्याहून तापली म्हणजे शरीर थंड राखण्यास घामाचे बाष्पीभवन हाच मुख्य उपाय उरतो. पाण्याचा साठा घटला की घाम कमी पडतो. शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले, की मेंदू, मूत्रपिंडे व यकृत यांस इजा पोहोचते. हाच उष्माघात होय.

खेड्यात हा धोका वाढतो. घरावर पत्रे असतात, पाणी दुरून आणावे लागते, आणि तेंदूपानाच्या हंगामात आईबापांबरोबर मुलेही रानात जातात. दवाखाना कित्येक कोस दूर असतो. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात जवळ असलेल्या माणसानेच रोग्याचा जीव सांभाळावयाचा असतो. पुष्कळदा ती व्यक्ती शिक्षकच असते.

मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले, त्यास आकडी आली वा शुद्ध हरपली, तर अंगास घाम असला तरी उष्माघातच समजावा. मुलास सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतीत राहावे व सतत वारा घालावा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गाडीची वाट पाहत गारवा देणे लांबवू नये, आणि वाटेतही ते थांबवू नये. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. त्यास कुशीवर वळवावे. खिशात कांदा ठेवल्याने उष्माघात टळत नाही, हेही पालकांस समजावून सांगावे.

मूल शुद्धीवर असून केवळ थकवा, डोकेदुखी वा मळमळ असेल, तर क्षारसंजीवनीची पुडी १ लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून ते पाणी घोट घोट पाजावे.

तहान लागेपर्यंत मुलांस थांबू देऊ नये. उन्हाळ्यात शाळेत दर तासास पाण्याची घंटा द्यावी, खेळ व कवायत सकाळीच उरकावी. सुटी लागण्यापूर्वी हा पाठ प्रत्येक वर्गात एकदा प्रत्यक्ष करून दाखवावा. कारण सुटीत रानामध्ये मुलाजवळ शिक्षक नसतो, त्याने शिकविलेले तेवढे असते.