बूटलोडरमधील यूएसबी उपकरण-व्यवस्था

विशिष्ट कामासाठी यंत्रात कायमचा बसविलेला संगणक म्हणजे अंतःस्थापित संगणक होय. त्याला वीजपुरवठा मिळाल्यावर आरंभी चालणाऱ्या आणि मुख्य प्रणाली स्मृतीत आणून तिच्याकडे नियंत्रण सोपविणाऱ्या लहान कार्यक्रमाला बूटलोडर म्हणतात. यूएसबी जोडणीत एक बाजू यजमान व दुसरी उपकरण असते. प्रत्येक देवघेव यजमानच सुरू करतो. विचारणा झाल्याखेरीज उपकरणाला माहिती पाठविता येत नाही. मंडलफलकाला पेन ड्राइव्ह जोडावयाचा असल्यास बूटलोडर यजमान होतो. परंतु तोच फलक तंत्रज्ञाच्या संगणकाला जोडावयाचा असल्यास त्याला उपकरणाची भूमिका घ्यावी लागते. या दुसऱ्या भूमिकेच्या सिद्धतेचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

गरज : कारखान्यातून निघणाऱ्या नव्या फलकाची फ्लॅश स्मृती रिकामी असते. वापरातील यंत्रातही प्रणालीची नवी आवृत्ती लिहिली जात असताना वीज गेल्यास जुनी आवृत्ती पुसलेली व नवी अपुरी अशी अवस्था होते. जाळ्याची जोडणी किंवा काढता येण्याजोगे स्मृतिपत्र नसल्यास यूएसबी तार हाच पुनरुज्जीवनाचा सुलभ मार्ग उरतो. तो अगोदर ठेवलेला नसल्यास बहुधा स्मृतीची चिप उखडून काढावी लागते किंवा फलक टाकून द्यावा लागतो.

पार्श्वभूमी : यूएसबीचे पहिले मानक १९९६ मध्ये व सेकंदाला ४८ कोटी बिट वेगाचे २·० हे मानक २००० मध्ये प्रसिद्ध झाले. २००१ मधील पुरवणीमुळे एकाच साधनाला दोन्ही भूमिका घेणे शक्य झाले. बूटलोडरांपैकी यू-बूट हा मुक्त परवान्याचा कार्यक्रम विशेष प्रचारात आहे. जर्मन अभियंते वोल्फगांग डेंक यांनी तो पीपीसीबूट या नावाने विकसित केला. २००२ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. पुढील वर्णन त्यास अनुसरून आहे.

ओळखविधी : उपकरण डी-धन या तारेवर १·५ किलोओहम रोधकामार्फत सु. ३·३ व्होल्ट विद्युत् दाब लावून आपले अस्तित्व कळविते. यजमान त्याला मूळ स्थितीत आणतो, १ ते १२७ पैकी एक पत्ता देतो व त्याची वर्णनपत्रे वाचतो. १८ बाइटांच्या पहिल्या वर्णनपत्रात उत्पादक-क्रमांक व वस्तु-क्रमांक असतात; त्यांवरून यजमान योग्य चालक कार्यक्रम निवडू शकतो. पत्ता स्वीकारण्यासाठी उपकरणाला ५० मिलिसेकंदांची मुदत असते. यू-बूट एका वेळी एकच काम करतो व सामान्यतः व्यत्यय-संकेतांवर अवलंबून न राहता नियंत्रकाची पुनःपुन्हा तपासणी करतो. त्यामुळे ही तपासणी लांबल्यास मुदत टळून ओळख फसते. याच कारणाने उपकरण-आज्ञा चालू असेतो आज्ञापटल अडकून राहते.

सिद्धता : या व्यवस्थेचे तीन थर असतात. तळाशी चिपमधील नियंत्रक हाताळणारा चालक, मध्ये वर्णनपत्रे सांभाळणारा सामाईक भाग (गॅजेट) व वर प्रत्यक्ष कार्य. बूटलोडर संकलित करण्यापूर्वी पर्यायसूचीतून तिन्ही निवडावे लागतात. एकही सुटल्यास व्यवस्था चालत नाही. त्याखेरीज फलकाच्या यंत्रवर्णन-वृक्षात त्या द्वाराची भूमिका ‘पेरिफेरल’ अशी नोंदवितात. तेथे ‘होस्ट’ असल्यास सर्व पर्याय योग्य असूनही यजमानाला काहीच दिसत नाही. उत्पादक-क्रमांक यूएसबी संस्था देते. नमुन्यादाखल भरलेला दुसऱ्याचा क्रमांक विक्रीच्या वस्तूत ठेवणे अयोग्य होय.

कार्ये : वरच्या थरातील कार्ये पुढीलप्रमाणे आहेत. डीएफयू पद्धतीत प्रत्येक स्मृतिखंडाला नाव देऊन फक्त तेवढाच भाग लिहिता वा वाचता येतो. अँड्रॉइड साधनांसाठी निघालेल्या फास्टबूट पद्धतीत आज्ञा शब्दरूप असून मोठ्या फायली जलद पोहोचतात. साठवण-साधन पद्धतीत फलकाची स्मृती यजमानाला पेन ड्राइव्हसारखी दिसते. तिला खास कार्यक्रम लागत नाही, मात्र चुकीच्या जागी लिहिले जाण्याचा धोका अधिक असतो.

उदाहरण : २०१३ मध्ये आलेल्या बीगलबोन ब्लॅक या फलकावर टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची एएम३३५एक्स मालिकेतील चिप आहे. इतरत्र आरंभ-फाइल न मिळाल्यास चिपच्या रॉममधील कार्यक्रम यूएसबी तारेवर स्वतःला जाळे-साधन म्हणून सादर करतो व यजमानाकडून यू-बूटचा पहिला टप्पा मागवितो. त्या वेळी ५१२ मेगाबाइटांची मुख्य स्मृती सुरू झालेली नसते, म्हणून हा टप्पा चिपवरील १२८ किलोबाइटांहूनही कमी जागेत मावावा लागतो. पहिला टप्पा मुख्य स्मृती सुरू करतो आणि त्याच तारेने दुसरा टप्पा आणतो. याकरिता त्याने उपकरणाची भूमिका पुन्हा नव्याने घेणे आवश्यक असते. पहिल्या टप्प्याचे पर्याय सूचीत वेगळे असतात; ते केवळ दुसऱ्या टप्प्यासाठी निवडल्यास फलक मध्येच थांबतो. उलट सर्वच कार्ये पहिल्या टप्प्यात घातल्यास तो ठरलेल्या जागेत मावत नाही.

सुरक्षितता : बूटलोडर चालू असताना मुख्य प्रणालीचे परवलीचे शब्द व वापरकर्त्यांचे अधिकार लागू नसतात. म्हणून उपकरण-भूमिका उघडी असल्यास तार जोडू शकणारा कोणीही स्मृतीतील मजकूर वाचू वा बदलू शकतो. वीजमापक, वैद्यकीय साधने इत्यादींच्या बाबतीत हा धोका गंभीर असतो. अंकीय स्वाक्षरी पडताळूनच प्रणाली सुरू करणे, फक्त ठरावीक खंड लिहू देणे व साठवण-साधन कार्य वगळणे हे त्यावरील उपाय होत. स्वाक्षरीमुळे बदललेली प्रणाली चालत नाही, परंतु मजकुराचे वाचन थांबत नाही. त्यासाठी तो सांकेतिक रूपात साठवावा लागतो. ही भूमिका पूर्णपणे बंद केल्यास धोका घटतो, पण बिघडलेले यंत्र मालकाला दुरुस्त करता येत नाही. म्हणून पर्यायांची निवड करताना यंत्राचे आयुष्य, त्यातील माहितीचे मोल आणि तार जोडणारी व्यक्ती कोण असेल, यांचा एकत्रित विचार करावा लागतो.