सणाच्या घरातला कुत्रा

तत्त्वज्ञानाचं काही ऐकायला मिळेल म्हणून आपण आला असाल, तर आधीच सांगतो, आजचा विषय कुत्र्याचा आहे. सणासुदीला घर पाहुण्यांनी भरतं, तेव्हा घरातल्या कुत्र्याला कसं सांभाळायचं, एवढ्यावरच आम्ही बोलणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. पण महाभारतातल्या अगदी सुरुवातीच्या कथांपैकी एक कथा याच प्रसंगाची आहे.

आदिपर्वातलं पौष्यपर्व काढून पाहा. कुरुक्षेत्रात जनमेजयाचं सत्र चालू आहे. तिथे सरमा या देवांच्या कुत्रीचं पिल्लू येतं. जनमेजयाचे तीन भाऊ त्याला बडवून काढतात. ते रडत आईकडे जातं. आई म्हणते, तूच काही आगळीक केली असशील. पिल्लू सांगतं की आपण हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही आणि त्याला जीभही लावली नाही. मग सरमा स्वतः मंडपात येऊन जाब विचारते. त्या राजपुत्रांना उत्तर देता येत नाही. ती शाप देते, आणि जनमेजय घाबरून जातो.

ही कथा आम्ही वर्गात अनेकदा सांगितली. तिचा अर्थ कळला तो मात्र निवृत्तीनंतर, आमच्याच घरी.

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. त्या वर्षी संध्याकाळच्या आरतीला पंचवीस-तीस माणसं होती. मोती तेव्हा नऊ वर्षांचा होता. नात्यातला एक पाच वर्षांचा मुलगा त्याच्या गळ्यात पडला. मोतीने तोंड फिरवलं, जांभई दिली, ओठ चाटले. आम्हाला वाटलं, कंटाळलाय. मुलाने पुन्हा मिठी मारली, तेव्हा तो गुरगुरला. चारचौघांत लाज वाटली म्हणून आम्ही त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि ओरडलो. तो टेबलाखाली जाऊन बसला. तासाभराने तेच मूल टेबलाखाली शिरलं. या खेपेला मोती गुरगुरला नाही, सरळ दात लावला. मनगटावर दोन दात उमटले, थोडं रक्त आलं. जखम धुतली, डॉक्टर झाले, मूल दोन दिवसांत खेळायला लागलं. पण लगेच सल्ले सुरू झाले, हा कुत्रा आता भरवशाचा राहिला नाही, कुठेतरी सोडून या.

आता विचार करा, यात चूक कोणाची? मोती तीनदा बोलला होता. तोंड फिरवणं हे बोलणं, जांभई हे बोलणं, गुरगुरणं हे तर स्पष्टच बोलणं. बोलल्याबद्दल आम्ही त्याला मारलं. मग त्याने बोलणं सोडलं. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला शिक्षा केली की त्याची भीती जात नाही, फक्त इशारा जातो. तेव्हा कुत्रा गुरगुरला तर पहिलं काम म्हणजे मूल बाजूला घेणं आणि कुत्र्याला निवांत जागी नेणं. शेपूट पायात, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, अंग ताठ झालंय, ही सगळी त्याची भाषा आहे. लहान मूल आणि कुत्रा यांना एकत्र असताना मोठ्या माणसाच्या नजरेआड ठेवायचं नाही, कुत्रा कितीही गुणी असो.

त्याच्या बाजूने सण कसा दिसतो ते पाहू. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे 45 हजारपर्यंतचा. झांजा, टाळ, घंटा त्याच्या कानावर कशा पडत असतील? आज घरात अनोळखी पावलं का, जेवणाची वेळ का टळली, हे त्याला कोणी समजावू शकत नाही. आपल्याला कारण ठाऊक असतं म्हणून आपण गोंगाट सहन करतो. त्याच्याकडे कारण नाही, नुसताच गोंगाट आहे.

म्हणून तयारी आपण करायची. मखराची तयारी सुरू होते तेव्हाच त्याची खोलीही ठरवा. दारापासून लांबची, त्याचं अंथरूण, पाणी आणि ओळखीचं खेळणं असलेली. चार-सहा दिवस आधीपासून त्याला तिथे खाऊ द्या, म्हणजे ती जागा शिक्षेची वाटणार नाही. पाहुणे यायच्या आधी लांब फिरवून आणा. आरतीच्या वेळी खोलीचं दार लावून घ्या आणि आत कोणी जायचं नाही हे पाहुण्यांना स्पष्ट सांगा. यात संकोच नको. सणाला बाहेरचं दार सताड उघडं असतं, घाबरलेला कुत्रा तिथून निसटतो. गळ्यातल्या पट्ट्यावर आपला फोन नंबर हवाच. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी खिडक्या-पडदे बंद, आणि जवळ घरचं कोणीतरी.

आता खाण्याचं. ‘एवढासा प्रसाद दिला तर काय होतंय?’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर हे होईल याचा नेम नाही. काही घरी खिरापतीत बेदाणे असतात, शिऱ्यात असतात, हे लक्षात ठेवा. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, म्हणून ते विषारी ठरतं. काही शुगर-फ्री पदार्थांत झायलिटॉल असतं, त्याने रक्तातली साखर झपाट्याने उतरते. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशींना मारक. चकली-करंजीसारखं तळलेलं खूप खाल्लं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पूजेचा कापूर आणि तुपात भिजलेल्या वाती त्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेवू नका. असं काही पोटात गेलंच, तर लक्षणांची वाट पाहू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्याचे घरगुती प्रयोगही नकोत. पशुवैद्याला लगेच फोन करा. सुट्टीत कोणता दवाखाना उघडा आहे, हे सणाआधीच विचारून ठेवा.

आणि दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी जा.

मोतीला आम्ही कुठेही सोडलं नाही. पुढच्या वर्षीपासून आरतीच्या वेळी तो आतल्या खोलीत, आणि आमच्यापैकी एक जण त्याच्याजवळ. त्यानंतर तो आमच्याकडे चार गणपती राहिला. पाळीने त्याच्याजवळ बसताना आमची आरती चुकायची. त्याची आम्हाला कधी रुखरुख वाटली नाही. सरमेने विचारलेल्या प्रश्नाला राजपुत्रांकडे उत्तर नव्हतं, आमच्याकडेही नव्हतं. निदान तो प्रश्न पुन्हा विचारायची वेळ मोतीवर येऊ नये, एवढं आमच्या हातात होतं.