शहराची रंगभूमि : पुण्याची थिएटर ॲकॅडमी

एकाद्या शहराला वाचनालय असावें, व्यायामशाळा असावी, बाग असावी, हें आपण सर्वजण वादाशिवाय मान्य करतों. परंतु शहराला स्वतःची नाट्यसंस्था असावी काय, आणि असल्यास तिनें त्या शहराचें कोणतें काम करावें, असा प्रश्न विचारला तर उत्तरें निरनिराळीं येतील. कोणी म्हणेल, करमणूक ही विकत मिळणारी वस्तु आहे. ज्याला हवी त्यानें तिकीट काढावें म्हणजे झालें. श्रोतेहो, मला हें उत्तर अपुरें वाटतें. तें अपुरें कां, हें पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीच्या उदाहरणावरून आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

आपल्या रंगभूमीच्या इतिहासांत ‘मंडळी’ हा शब्द फार जुना आहे. सन १८४३ मध्यें विष्णुदास भावे यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें. १८८० मध्यें अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आलें. १९१३ मध्यें गंधर्व नाटक मंडळी निघाली. या मंडळ्या धंदेवाईक होत्या, आणि या शब्दांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. नटांचें जेवणखाण, वेतन, प्रवास, पडदे आणि कपडे हें सारें मंडळीच्या गल्ल्यावर चाले. गांवोगांव बिऱ्हाड हलविणारा मालक खपेल तेंच नाटक लावी, कारण न खपणाऱ्या नाटकाची किंमत साऱ्या बिऱ्हाडाला पोटाला चिमटा घेऊन द्यावी लागे. १९३२ मध्यें ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट पडद्यावर आला, आणि पुढें थोड्याच वर्षांत हा जुना संसार विस्कटला.

याहून निराळा प्रकार म्हणजे नफ्यासाठीं न चालणारी संस्था. याचा अर्थ तिचें तिकीट फुकट असतें असा नव्हे, किंवा तिला पैसा नको असतो असाहि नव्हे. अर्थ इतकाच कीं, शिल्लक राहिलेला पैसा कोणा मालकाच्या घरीं जात नाहीं; तो पुढल्या नाटकाच्या कपड्यांना, दिव्यांना, तालमीच्या जागेच्या भाड्याला लागतो. सभासद आपापली भाकरी दुसरीकडे मिळवितात. यामुळें अशा संस्थेला एक मोठें स्वातंत्र्य लाभतें: ज्याची मागणी अद्याप कोणींहि केलेली नाहीं असें नाटक ती करूं शकते. त्याबरोबर एक अडचणहि येते. मालक नसल्यामुळें कोणतें नाटक करावयाचें आणि कोणतें नाहीं, हें सभासदांना आपसांतच ठरवावें लागतें. तेथें मतभेद झाला तर निवाडा करणारा तिसरा कोणी नसतो.

थिएटर ॲकॅडमीचा जन्म अशाच मतभेदांतून झाला. पुण्यांत १९५१ पासून प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही संस्था भालबा केळकर यांच्या नेतृत्वाखालीं हौशी रंगभूमीचें मोलाचें काम करीत होती. राज्य नाट्यस्पर्धेसाठीं तिनें विजय तेंडुलकरांचें ‘घाशीराम कोतवाल’ हें नाटक घेतलें. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचें, संगीत भास्कर चंदावरकर यांचें, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजीं सदाशिव पेठेंतील भरत नाट्य मंदिरांत झाला. ब्राह्मणांच्या वेषांतील नटांची एक रांग गात, डोलत उभी राही; तीच भिंत, तोच पडदा, तेंच पुणें शहर. ती रांग पाठ फिरवी तेव्हां गुपित झांकलें जाई, आणि दुभंगे तेव्हां तें उघडें पडे. खेळे, दशावतार, कीर्तन, तमाशा यांतील जुन्या युक्त्या येथें नव्या कामाला लागल्या होत्या.

इतिहासांतील घाशीराम सावळदास हा पुण्याचा कोतवाल होता, व १७९१ मध्यें लोकक्षोभांत त्याचा अंत झाला, एवढें खरें. या विषयावर मोरोबा कान्होबा यांनीं १८६३ मध्येंच पुस्तक लिहिलें होतें. नाटकांतील घाशीरामाची मुलगी आणि तिच्या मोबदल्यांत त्याला मिळालेली कोतवाली ही मात्र नाटककाराची रचना होय. तेंडुलकरांना पेशवाईची बखर लिहावयाची नव्हती. सत्ताधारी माणूस आपल्या सोयीसाठीं एकादा क्रूर माणूस कसा उभा करतो आणि काम संपतांच त्याला जमावाच्या स्वाधीन कसा करतो, हें दाखवावयाचें होतें. परंतु ज्या शहरांत नाना फडणवीसांचें नांव आदरानें घेतलें जातें, तेथें कित्येकांना हें चित्र झोंबलें. नानांची व ब्राह्मण समाजाची बदनामी झाली, असा आक्षेप आला. १९ प्रयोगांनंतर संस्थेनेंच नाटक थांबविलें.

आक्षेप घेणारे सारे कोत्या मनाचे होते, असें मी म्हणणार नाहीं. पूर्वजांविषयीं ममत्व असणें हा दोष नव्हे. शाळेंत वर्षानुवर्षें नानांची मुत्सद्देगिरी शिकविलेल्या माझ्यासारख्याला तें ममत्व समजतें. परंतु ज्याला नाटकांतले नाना खोटे वाटतात, त्याला लेख लिहितां येतो, व्याख्यान देतां येतें, खरे नाना दाखविणारें दुसरें नाटकहि करतां येतें. रंगमंचच बंद केला म्हणजे दोन्ही पक्षांचीं तोंडें बंद होतात, आणि शहर जसेंच्या तसें अडाणी राहतें. प्रयोग चालूं राहावे असें मानणारे तरुण सभासद बाहेर पडले. १९७३ मध्यें त्यांनीं थिएटर ॲकॅडमी स्थापिली, आणि १९७४ मध्यें ‘घाशीराम’ पुन्हां उभें राहिलें. पुढें १९८० मध्यें, विरोध शमलेला नसतांहि, तें युरोपच्या दौऱ्यावर गेलें.

हीं माणसें कोण होतीं, हेंहि ध्यानांत घेण्याजोगें आहे. जब्बार पटेल हे मुलांचे डॉक्टर. नानांची भूमिका करणारे मोहन आगाशे हे मनोविकारतज्ज्ञ. सतीश आळेकर हे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्राच्या कामावर. नाटकाच्या पैशावर चूल पेटावयाची नसल्यामुळें ‘हें चालेल काय?’ याच्याआधीं ‘हें करण्याजोगें आहे काय?’ हा प्रश्न त्यांना विचारतां आला.

त्या प्रश्नाचीं फळें पुढें दिसलीं. १९७४ मध्येंच आळेकरांचें ‘महानिर्वाण’ आलें. त्यांत मेलेला भाऊराव स्वतःच कीर्तनकार होऊन आपल्या मरणाची कथा सांगतो, आणि आपलें दहन जुन्या स्मशानांतच व्हावें असा हट्ट धरतो. मर्तिकावर हंसावयास लावणारें हें नाटक कोणता गल्लाभरू मालक घेता? १९७८ मध्यें ब्रेख्त या जर्मन नाटककाराच्या कृतीवरून पु. ल. देशपांडे यांनीं केलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ ॲकॅडमीनें रंगभूमीवर आणला. १९७९ मध्यें आळेकरांचें ‘बेगम बर्वे’ आलें. जुन्या नाटक मंडळींतील एक सामान्य स्त्रीपार्टी नट, आतां उदबत्त्या विकून पोट भरणारा, गतकाळाच्या स्वप्नांत रमतो, अशी ती कथा आहे. मघांशीं सांगितलेला मंडळ्यांचा संसार विस्कटला, त्यांतील माणसांचें पुढें काय झालें, हें नव्या पिढीला येथें समजलें.

मुलांकडेहि संस्थेनें दुर्लक्ष केलें नाहीं. बर्लिन येथील ग्रिप्स या बालरंगभूमीच्या धर्तीवरील नाटकें १९८६ पासून पुण्यांत मराठींत होऊं लागलीं. त्यामागें आगाशे यांची खटपट होती. या नाटकांत राजपुत्र व पऱ्या नसतात. मोठीं माणसें मुलांच्या भूमिका करतात, आणि घरांतील भांडण, एकटेपणा, मुलगा व मुलगी यांना मिळणारी निरनिराळी वागणूक असे मुलांचे खरे प्रश्न हंसतखेळत मांडतात. तसेंच १९८५ ते १९९४ या काळांत फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्यानें नव्या नाटककारांना घडविण्याची आणि ठिकठिकाणच्या नाट्यसंस्थांना बळ देण्याची योजना ॲकॅडमीनें राबविली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. विकतच्या करमणुकीनें शहराचें भागत कां नाहीं? कारण बाजार आपणांस आपली आवड परत देतो. आपली चूक, आपलें ढोंग, आपण विसरलेलीं माणसें तो सहसा दाखवीत नाहीं. तें काम त्याच शहरांत राहणाऱ्या, त्याच बोळांतून जाणाऱ्या माणसांनीं करावें लागतें, आणि त्यासाठीं त्यांना शेजाऱ्यांचा रागहि पत्करावा लागतो. असा राग पत्करण्यास तयार असलेलीं माणसें ज्या शहरांत आहेत, तें शहर अजून जागें आहे असें समजावें.

परंतु अशी संस्था केवळ सभासदांच्या हौसेवर फार दिवस तग धरीत नाहीं. तिला तालमीला परवडणारी जागा लागते, आणि नाव न ऐकलेल्या नाटकाचें तिकीट काढणारा प्रेक्षक लागतो. यांतील दुसरी गोष्ट आपल्या हातची आहे. आपल्या गांवांत एकादी हौशी संस्था नवें नाटक करीत असेल तर, श्रोतेहो, घरांतील मुलांना बरोबर घेऊन एकदां तेथें जा. नाटक आवडलें नाहीं तर तसें खुशाल सांगा. तें ऐकून घेण्याचीहि तिची तयारी असली पाहिजे. एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.