काना येथील तोफमारा (१९९६)

काना येथील तोफमारा ही १८ एप्रिल १९९६ रोजी दक्षिण लेबनॉनमधील काना या गावी घडलेली घटना होय. इस्रायली तोफखान्याचे गोळे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळावर पडून तेथे आश्रयाला आलेले शंभराहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. मृतांचा सर्वसाधारणपणे दिला जाणारा आकडा १०६ आहे.

पार्श्वभूमी

हिजबुल्लाहकडून उत्तर इस्रायलवर होणारे अग्निबाणांचे हल्ले थांबवण्यासाठी इस्रायलने ११ एप्रिल रोजी ‘द्राक्षांचा क्रोध’ या नावाची मोहीम सुरू केली. तिच्यामुळे लाखो लेबनीज लोकांना घरे सोडावी लागली. ज्यांना उत्तरेकडे जाणे जमले नाही, त्यांतील सुमारे आठशे जण काना येथील फिजीच्या तुकडीच्या तळात शिरले. निळ्या झेंड्याखाली आपण सुरक्षित राहू, ही त्यांची समजूत होती आणि तीत गैर काही नव्हते.

घटना आणि चौकशी

त्या दिवशी दुपारी तळापासून सुमारे २२० मीटर अंतरावरून हिजबुल्लाहच्या सैनिकांनी उखळी तोफा डागल्या. इस्रायलने त्या जागेवर प्रतिमारा केला. परंतु १५५ मिलिमीटर तोफांचे अनेक गोळे तळातच आणि तळावर हवेत फुटले. हवेत फुटणाऱ्या गोळ्यांचे तुकडे वरून खाली विखुरतात, त्यामुळे आडोसा नसलेल्या जमावात प्राणहानी फार होते.

सरचिटणीस बुट्रोस बुट्रोस-घाली यांनी आपले लष्करी सल्लागार, डच मेजर जनरल फ्रँकलिन व्हान काप्पन यांना चौकशीसाठी पाठवले. मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा मुख्य निष्कर्ष मोजक्या शब्दांत होता: तांत्रिक अथवा कार्यपद्धतीतील ढोबळ चुकीची शक्यता संपूर्णपणे नाकारता येत नसली, तरी हा मारा तशा चुकीतून झाला असण्याचा संभव कमी आहे. हेतू होता असे अहवालाने म्हटले नाही. चूक होती हेही मान्य केले नाही. पुढील सारा वाद या एका वाक्याभोवती फिरत राहिला. माऱ्याच्या वेळी परिसरात इस्रायलचे वैमानिकरहित विमान व हेलिकॉप्टर होते, असेही अहवालात नमूद आहे. इस्रायलने आधी ते नाकारले होते. दुसरीकडे, हिजबुल्लाहचे काही सैनिक तळात आले होते व त्यांचे कुटुंबीय तेथेच होते, ही बाबही अहवालाने लपवली नाही.

इस्रायलने जीवितहानीबद्दल खेद व्यक्त केला, मात्र नकाशावरील चुकीमुळे हे घडले असे सांगून अहवाल फेटाळला. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने आपल्या स्वतंत्र तपासात तळावरील हल्ला हेतुपुरस्सर असल्याचे मत मांडले, तरी त्यामागील कारण अस्पष्टच असल्याचे म्हटले.

आंतरराष्ट्रीय प्रतिक्रिया

सुरक्षा परिषदेने त्याच दिवशी ठराव क्र. १०५२ संमत करून तत्काळ शस्त्रसंधीचे आवाहन केले. त्यात इस्रायलचा निषेध नव्हता. २५ एप्रिल रोजी आमसभेने निषेधाचा ठराव केला. विरोधात इस्रायल व अमेरिका हे दोनच देश होते, परंतु तटस्थ राहिलेल्यांची संख्याही मोठी होती. अमेरिकेने नागरी वस्तीच्या आडून मारा करणाऱ्या हिजबुल्लाहला मुख्यतः जबाबदार धरले. तरीही तोवर मोहिमेला मुदत देणाऱ्या वॉशिंग्टनला काना येथील घटनेनंतर युद्धविरामाची घाई करावी लागली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री वॉरन ख्रिस्तोफर यांनी दमास्कस व जेरुसलेमच्या फेऱ्या केल्या. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री एर्व्हे द शारेत यांनीही समांतर प्रयत्न केले.

या धडपडीतून निघालेला ‘एप्रिल समझोता’ २७ एप्रिलच्या पहाटेपासून अंमलात आला. नागरिकांवर मारा करायचा नाही आणि नागरी वस्तीतून मारा करायचा नाही, अशी दुहेरी अट त्यात होती. देखरेखीसाठी अमेरिका, फ्रान्स, सीरिया, लेबनॉन व इस्रायल यांचा गट नेमला गेला. शब्दांच्या ठरावांपेक्षा हा गटच अधिक उपयोगी ठरला, कारण तक्रार ऐकणारे कोणीतरी एका टेबलावर बसले होते. तथापि सैनिकांमधील लढाई या समझोत्याने थांबवली नाही.

तळाच्या नुकसानीपोटी इस्रायलने सुमारे १७.७ लाख डॉलर द्यावेत, असे आमसभेने जून १९९७ मध्ये ठरवले व नंतरच्या अनेक वर्षांत पुन्हा पुन्हा सांगितले. ही रक्कम नुकसान झालेल्या तळाची होती. मृतांच्या वारसांचा तीत समावेश नव्हता.

३० जुलै २००६ रोजी याच गावातील एका इमारतीवर झालेल्या इस्रायली हवाई हल्ल्यात २८ जण ठार झाले. त्यांतील १६ मुले होती. ती घटना या लेखातील घटनेहून वेगळी आहे.