गेम आधीच बुक करावा का?

चंदगडात काजू बी खरेदी करताना जाणता व्यापारी मूठभर बिया फोडतो, गर पाहतो आणि मगच भाव ठरवतो. व्हिडिओ गेम 'प्री-ऑर्डर' करताना मात्र आपण बी न फोडताच पैसे मोजतो.

आगाऊ नोंदणीची ही पद्धत डिस्कच्या काळातली. दुकानात मोजक्याच प्रती यायच्या, म्हणून आगाऊ नोंदणीला अर्थ होता. आता गेम थेट डाउनलोड होतो आणि डिजिटल प्रत कधी संपत नाही. मग कंपन्या जादा पोशाख, हत्यारे यांचे आमिष दाखवतात.

उदाहरणार्थ, 'सायबरपंक २०७७' या गेमच्या सुमारे ८० लाख प्रतींची आगाऊ नोंदणी झाली होती. १० डिसेंबर २०२० रोजी गेम आला, पण जुन्या कन्सोलवर तो अडखळत, बंद पडत चालला. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. पुढे दुरुस्त्या होऊन गेम उत्तम झाला. थांबलेल्यांना तो चांगल्या रूपात मिळाला. याउलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' या आपल्या गेमचा नमुना आधी खेळायला दिला होता.

आधीच पैसे भरले असतील, तर 'स्टीम' या ऑनलाइन गेम-दुकानात प्रदर्शनापूर्वी प्री-ऑर्डर रद्द करता येते. त्यानंतरही चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत मागता येतात.

म्हणून मित्रांनो, आठवडाभर थांबा, खेळणाऱ्यांचे अनुभव वाचा. आधी गर पाहा, मग पैसे मोजा.