शुष्क किण्व : संज्ञा आणि सिद्धता

मराठीतील ‘आंबणे’ हे क्रियापद फार व्यापक आहे. इडलीचे पीठ आंबते, ताक आंबते, मोहाची फुलेही आंबतात. पदार्थात घडलेला पालट या क्रियापदाने कळतो. तो घडविणारा कोण, हे मात्र कळत नाही. दुधापुरती ही उणीव ‘विरजण’ या शब्दाने भरून निघते. मद्याच्या बाबतीत संस्कृतात ‘किण्व’ हा शब्द होता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, सुराध्यक्षाच्या प्रकरणात, उडदाचा कच्चा वा शिजविलेला कल्क, तांदूळ आणि मोरटादी वनस्पती यांपासून ‘किण्वबंध’ करण्याची कृती दिली आहे. जडातून चैतन्य कसे उद्भवते हे सांगताना चार्वाकांनीही किण्वादिकांतून उपजणाऱ्या मदशक्तीचाच दृष्टांत योजिला.

किण्व सुक्या रूपात टिकते, याची साक्ष त्र्यंबकेश्वराच्या परिसरात सहज मिळते. सह्याद्रीच्या या उतारांवर धायटीची झुडपे आढळतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांस तांबडी फुले येतात. आयुर्वेदातील ‘धातकी’ ती हीच. आसवारिष्टांत तिची वाळलेली फुले घालतात. फुलांतील मधावर वाढलेल्या यीस्टच्या पेशी फुलांसमवेत वाळतात आणि गोड काढ्यात पुन्हा कार्यप्रवण होतात. धायटीचे सुके फूल हे एका अर्थी निसर्गसिद्ध शुष्क किण्वच होय.

द्राक्षमद्याच्या उद्योगात, तसेच कायद्याने मुभा असलेल्या देशांतील घरगुती मद्यनिर्मितीत, आज पुडीतील शुष्क यीस्ट वापरले जाते. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्यावाचून मद्य करता येत नाही.) अशा यीस्टमध्ये ओलावा शेकडा ५ ते ८ इतकाच असतो. पेशी जिवंत, परंतु सुप्त असते. तिचे पटल आकसलेले असते. तीस थंड व साखरेने दाट रसात एकदम टाकल्यास पटल पूर्ववत होण्यापूर्वीच आतील द्रव्ये बाहेर झिरपतात व पुष्कळ पेशी मरतात. यास्तव यीस्टच्या दहापट वजनाचे स्वच्छ पाणी ३५ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत कोमट करावे, त्यावर यीस्ट भुरभुरावे आणि १५ ते २० मिनिटांनी हलके ढवळावे. या पाण्यात साखर घालू नये. नंतर थोडा थोडा रस मिसळून उष्णतामान उतरवावे. मुख्य रसात ओतताना दोहोंतील अंतर १० अंशांहून अधिक नसावे. काही प्रकार थेट रसात टाकण्याजोगे केलेले असतात; तेथे पुडीवरील सूचनाच प्रमाण मानावी.

या कृतीस ‘यीस्ट भिजविणे’ म्हणण्याचा प्रघात सोयीचा खरा, तथापि तो दिशाभूल करणारा आहे. साबुदाणा भिजतो, त्यास पाणी थंड की कोमट, याचे विशेष सोयरसुतक नसते. राखेखालचा निखारा मात्र आपण चेतवितो, कारण अग्नी तेथे आधीच असतो. ‘किण्व चेतविणे’ हा प्रयोग स्वीकारल्यास, आपल्या हाती सजीव वस्तू आहे ही जाणीव क्रियापदातच राहील, आणि पाणी किती कोमट हवे हा प्रश्न विद्यार्थ्यास आपोआप सुचेल. परिभाषेकडून याहून अधिक काय अपेक्षावे?